मच्छरिकोसियाची टोपली

धम्मपदाच्या पुप्फवग्गातील 49 व्या गाथेवर अट्ठकथेने मच्छरिकोसिय श्रेष्ठीची कथा दिली आहे. राजगृहाजवळील सक्कार निगमातला हा 80 कोटींचा धनी गवताच्या टोकावर राहील एवढे तेलही कोणास देत नसे. एका भुकेल्या खेडुतास कपल्लपूव, म्हणजे खापरावरची पोळी, खाताना पाहून त्यास तीच वासना झाली. पत्नी म्हणाली, साऱ्या निगमापुरत्या करते. मग गल्लीपुरत्या, घरापुरत्या, दोघांपुरत्या. प्रत्येक वेळी नकार देत तो अखेर सातव्या मजल्यावर, दारे लावून, एकटा उरला. कृपणतेचे याहून नेमके चित्र पालि वाङ्मयात विरळाच.

तेथे गवाक्षापाशी महामोग्गल्लान स्थविर अवतरतात. धूर होतो, चिमूटभर पिठाची पोळी फुगते, पोळ्या एकमेकींना चिकटतात. या चमत्कारांतच श्रेष्ठीचे परिवर्तन पाहणारा वाचक मुख्य गोष्टीस मुकतो. पोळ्या ओढता ओढता श्रेष्ठी घामाघूम होतो, त्याची वासना विरते आणि तो टोपलीसकट पोळ्या देऊन टाकण्यास सांगतो. हे दान नव्हे, सुटका आहे. खरे परिवर्तन त्यानंतरचे. स्थविरांनी दानाचा अर्थ उलगडल्यावर प्रसन्न चित्ताने तो म्हणतो, आत यावे, बसून भोजन करावे. बंद दार आतून उघडते ते येथे, आणि ते ऋद्धीने नव्हे, उपदेशाने उघडते.

तथापि कथेत दोन उणिवा आहेत. फुलास न दुखविता मधुरस नेणाऱ्या भ्रमराचा दृष्टान्त गाथा देते. धुराने डोळे झोंबविणारा प्रसंग तिच्याशी नीटसा जुळत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. श्रेष्ठीची सारी संपत्ती शासनाच्या कामी लागते, उरलेल्या पोळ्या जेतवनाच्या द्वाराजवळील गुहेत टाकल्या जातात. पण ज्या भुकेल्या खेडुतापासून कथा निघाली, तो पुन्हा दिसत नाही. दान घडले, करुणेचे वर्तुळ मात्र अपुरे राहिले.

अंगुत्तर निकायात पाच मच्छरिये सांगितली आहेत : आवास, कुल, लाभ, वर्ण आणि धम्म यांविषयीची. धन त्यांतील एका लाभातच येते. शतकानुशतके ज्यांना विद्येपासून दूर ठेवले गेले, त्यांना धम्ममच्छरियाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. म्हणून आपल्यातील शिकलेल्यांनी ही कथा वाचताना श्रेष्ठीस हसण्यापूर्वी स्वतःचा सातवा मजला तपासावा. तेथे पोळ्यांऐवजी ग्रंथ असतील, एवढाच काय तो फरक.