नियम, प्रपत्र आणि सेवार्थी : बालन्यायातील एका स्थित्यंतराची समीक्षा

तरुणांसंबंधीचे समाजकार्य नियमनिष्ठ अवस्थेतून सेवार्थीकेंद्री अवस्थेत आले आहे, असे विधान अभ्यासकांत वारंवार केले जाते. कायद्याच्या भाषेपुरते ते यथार्थ आहे. व्यवहाराला ते कितपत लागू पडते, याचा विचार महाराष्ट्रातील बालन्यायव्यवस्थेच्या आधारे येथे करावयाचा आहे.

या व्यवस्थेचा उगम सुधारगृहाच्या कल्पनेत आहे. मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या नावाची संस्था 1857 ची. पुढे 1924 चा मुंबईचा मुलांविषयीचा कायदा आणि 1927 मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रेन्स एड सोसायटी यांनी मुलाला प्रौढ गुन्हेगारापासून वेगळे काढले. ही प्रगती निःसंशय मोठी होती. तथापि शिस्त आणि हस्तोद्योग हीच सुधारणेची साधने मानली गेली. मुलाला काय हवे आहे, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता. 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. कार्ल रॉजर्स यांचा सेवार्थीकेंद्री उपचारावरील ग्रंथ 1951 चा, तर फेलिक्स बीस्टेक यांचे व्यक्तिसहाय्यकार्यातील संबंधांवरील विवेचन 1957 चे. सेवार्थीचा स्वीकार आणि त्याचा स्वयंनिर्णय ही तत्त्वे आज आपल्या अभ्यासक्रमांत रूढ आहेत.

मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. रॉजर्स यांच्यासमोर बसणारा मनुष्य बहुधा आपण होऊन आलेला असे. बाल न्याय मंडळासमोर उभा राहणारा मुलगा आणला गेलेला असतो. त्याचा स्वयंनिर्णय आरंभापासूनच मर्यादित आहे. ही अडचण ओलांडण्याचा प्रयत्न कायद्याने केला. भारताने 1992 मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली. 2015 च्या बालन्याय अधिनियमाने मुलाचे सर्वोत्तम हित, त्याचा सहभाग आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, ही तत्त्वे स्पष्ट शब्दांत मांडली. परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल सादर करावा, असेही त्यात सांगितले आहे. प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक देखभालीचा आराखडा करावयाचा असून मुलाच्या स्वतःच्या अपेक्षांनाही त्यात स्थान आहे.

येथेच विरोधाभास उद्भवतो. मुलाला केंद्रस्थानी आणण्याचे साधन म्हणून प्रपत्र योजिले गेले, आणि प्रपत्र हे नियमनिष्ठेचेच अपत्य होय. रकाना भरला की कर्तव्य संपले, अशी वृत्ती त्यातून सहज बळावते.

उदाहरणादाखल चाकूर तालुक्यातील एका खेड्यातला सोळा वर्षांचा मुलगा कल्पावा. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि दिवाळीच्या सुमारास ते टोळीबरोबर ऊसतोडीला गेले आहेत. गृहभेटीस गेलेल्या अधिकाऱ्यास घराला कुलूप दिसते; अहवालात ‘पालकांचे दुर्लक्ष’ अशी नोंद होते. मुलगा लातूरला तारखेस येत नाही. ‘असहकार’ अशी दुसरी नोंद पडते. दोन्ही नोंदी नियमाला धरून आहेत, आणि दोन्हींनी परिस्थितीचे रूपांतर स्वभावदोषात केले आहे. सेवार्थीकेंद्री अधिकारी टोळी कोणत्या कारखान्यावर आहे हे विचारील, उचल फेडण्यात मुलाच्या श्रमाचा वाटा किती हे समजून घेईल, गावी राहिलेल्या आजीशी बोलेल, आणि तारीख बदलून मिळावी म्हणून मंडळापुढे कारण मांडील. या दुसऱ्या अहवालाला प्रपत्र तेच पुरते. बदलतो तो त्यामागील प्रश्न.

यावरून नियम टाकाऊ आहेत असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. मायकेल लिप्स्की यांनी 1980 मध्ये दाखवून दिले की, कामाच्या भाराखाली दबलेला सेवक आपल्या विवेकाधिकाराचा उपयोग माणसांची झटपट वर्गवारी करण्यासाठी करू लागतो. आपल्या खेड्यांत त्या वर्गवारीवर जात आणि घराण्याचे वजन यांची छाया पडण्याचा धोका आहे. दोन आठवड्यांची मुदत, जामिनाचा सर्वसाधारण हक्क, ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन हे नियम निराधार मुलाचे संरक्षण करतात. उलट, नियम जेथे सैल आहेत तेथे मुलाचेच नुकसान होते. अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणास अर्थसाहाय्य ‘देता येईल’ असे अधिनियम म्हणतो. ‘दिलेच पाहिजे’ असे म्हणत नाही. ज्याच्या पाठीशी घर नाही, त्याच्या दृष्टीने या दोन क्रियापदांतील अंतर फार मोठे आहे.

तात्पर्य, नियमांनी अधिकाऱ्याच्या सत्तेला मर्यादा घालावी आणि त्या मर्यादेच्या आत मुलाच्या गरजेने कामाची दिशा ठरवावी, अशी विभागणी इष्ट आहे. स्थित्यंतर घडले की नाही, याची कसोटी अहवालांतच शोधता येईल. त्यात मुलाच्या स्वतःच्या बोलण्याची एखादी तरी नोंद आहे काय, आणि त्या बोलण्यामुळे आराखड्यात काही बदल झाला काय? क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ओळख गुप्त राखून हे दोन प्रश्न हाती घेतले, तर या विषयावरील आपली चर्चा तत्त्वांच्या पुनरुक्तीतून बाहेर पडेल.