ठसा आणि आरसा : दोन ग्रंथांच्या निमित्ताने

अमुक ग्रंथाने मनावर कायमचा ठसा उमटविला, असे आपण सहज बोलून जातो. पदव्युत्तर वर्गाच्या तोंडी परीक्षेत तर हे वाक्य वर्षानुवर्षे कानी पडते. ‘ठसा उमटला खरा, पण कशाचा?’ असा पुढचा प्रश्न केला की उमेदवार बहुधा गप्प होतो. दोष एकट्या उमेदवाराचा नव्हे. आपल्या टीकावाङ्मयानेही हा प्रश्न फारसा लावून धरलेला नाही. ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हापासून तिच्या संस्कारांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु ग्रंथाने केलेला परिणाम हा त्याच्या वाङ्मयीन गुणाचा पुरावा मानावा की काय, हा मुद्दा बाजूलाच राहिला.

नांदेडात बसून हा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. १७०८ साली याच गावी देह ठेवण्यापूर्वी गुरू गोविंदसिंगांनी आपल्यामागे ग्रंथ हाच गुरू राहील असे ठरवून दिले, अशी शीख परंपरा आहे. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. ग्रंथाला याहून मोठे स्थान माणसाने क्वचितच दिले असेल. तरीही, ज्याच्यापुढे रोज बसावयाचे त्या ग्रंथाचा ‘ठसा उमटला’ असे कोणी म्हणत नाही. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा शेतकरीही असे म्हणत नाही. तो फक्त तिच्याकडे परत परत जातो. एकदा वाचून फडताळात ठेवलेल्या पुस्तकाविषयीच आपण ठशाची भाषा बोलतो. हा शब्द मुद्रणयुगातील एकट्या वाचकाचा आहे.

जुन्या काव्यशास्त्राने निराळी प्रतिमा योजिली होती. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय. आता आरशावर ठसा उमटत नाही. उमटलाच तर त्याला डाग म्हणतात! उलट मर्ढेकरांसारख्या सौंदर्यवाद्याला वाचकाच्या पुढील आयुष्यावर झालेला परिणाम ही कलाबाह्य बाबच वाटली असती. या दोन्ही भूमिका मला पुऱ्या पटत नाहीत. का, ते दोन ग्रंथांच्या आधारे पाहू. त्यांपैकी एक नांदेडच्या लेखणीतून उतरला आणि दुसरा लातूरच्या मातीतून आला.

पहिला वस्तुतः ग्रंथ नव्हे, प्रस्तावना आहे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची (१९३२–१९८२) जी प्रस्तावना आहे ती मुळात लेखकाला लिहिलेले एक दीर्घ पत्र होय. ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती, तेथे वाढलेल्या माणसाने शिवचरित्राच्या साधनांविषयी इतक्या अधिकाराने लिहावे, ही गोष्ट त्या काळी मराठवाड्याबाहेर अनेकांना अनपेक्षित वाटली असावी. कुरुंदकरांचे म्हणणे थोडक्यात सांगता येते. उत्तरकालीन बखरींवर विसंबून उभे केलेले चित्र तपासून घेतले पाहिजे. मोडकळीस आलेल्या साम्राज्याच्या अवशेषांवर राज्ये उभारणारे पुष्कळ झाले, परंतु मोगल सत्ता ऐन भरात असताना शिवाजीमहाराजांनी राज्य स्थापन केले. आणि मुख्य म्हणजे, १६८० मध्ये ते गेल्यावरही १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत येथील सामान्य माणूस झुंजत राहिला. कुरुंदकरांच्या लेखी राज्यसंस्थापकाच्या थोरवीची खरी कसोटी येथे आहे.

आता कादंबरीकडे वळू. ती चरित्रनायकाच्या मृत्यूपाशी थांबते. म्हणजे प्रस्तावनाकाराने सांगितलेली कसोटी कादंबरीच्या चौकटीबाहेरच पडते. देसाईंचे लक्ष महाराजांच्या एकाकी, व्याकुळ, कुटुंबवत्सल मनाकडे आहे, तर कुरुंदकरांचे लक्ष महाराज नसताना लढणाऱ्या लोकांकडे. एकाच बांधणीत शिवलेली ही दोन पुस्तके परस्परांना दुजोरा देत नाहीत. ती भांडतात, असेच मी म्हणेन. ज्या वाचकाच्या मनात दोन्ही टिकून राहतात त्याच्या भक्तिभावाला पुरावा मागण्याची खोड लागते. हा परिणाम कलाबाह्य म्हणून दूर सारता येत नाही, कारण कादंबरी पुन्हा वाचताना तिचे भावुक प्रसंगही निराळे दिसू लागतात. परंतु आमच्या भागात याची दुसरी बाजूही पाहावयास मिळते. प्रतिपक्षाची बाजू आधी भरभक्कम मांडावयाची आणि मग ती एकेक करून उतरवावयाची, ही कुरुंदकरांची रीत कित्येक अभ्यासकांनी उचलली. रीत आली, त्यामागचे वाचन मात्र पुष्कळदा आले नाही. कुरुंदकरांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानणे हे तर त्यांच्या प्रस्तावनेच्या शिकवणीच्या नेमके उलट आहे. आरशावरील डाग म्हणतात तो हाच.

दुसरे पुस्तक लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७). लेखक लातूरजवळच्या धनेगावचे. ज्या जमातीला इंग्रजी कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले तिच्यातला हा मुलगा शाळेत जातो. वस्तीत पोरांना आजार होतात तेव्हा, हा शाळेत जाऊ लागला म्हणूनच हे अरिष्ट आले, असे जमातीतील मंडळी मानतात. अक्षरांचा असा ठसा आपल्या आत्मचरित्रपर वाङ्मयात क्वचितच पाहावयास सापडेल. येथे पाटीपुस्तक हे उद्धाराचे साधन म्हणून प्रवेश करीत नाही. ते संकट म्हणून येते, आणि लेखक हा प्रसंग कसलाही आव न आणता सांगतो. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकास मिळाला तो योग्यच होता.

तथापि ‘उचल्या’ने आपल्यावर कोणता संस्कार केला, असे विचारता बहुतेक वाचक भूक, मारझोड, चोरीचे शिक्षण आणि पोलिसांचा जाच यांच्याविषयी बोलतात. म्हणजे जे उरते ती करुणा. मध्यमवर्गीय वाचकाला करुणा सोयीची असते. ती बाळगावयास काही पडत नाही. पुस्तकाचा उत्तरार्ध, जेथे हा मुलगा लातूरच्या सूतगिरणीत कामगार होतो, संघटनेत पडतो, नोकरीला मुकतो आणि पुढे जमातींच्या प्रश्नांवर उभा राहतो, तो आठवणीतून गळतो. रचनेच्या दृष्टीने हा भाग सैल आहे हे मान्य करावयास हवे. घटना एकीपुढे एक येतात, पूर्वार्धातील बोलीचा जिवंतपणाही तेथे उणावतो. पण केवळ सैलपणा हे विस्मरणाचे कारण मला पटत नाही. पूर्वार्धातील मुलगा वाचकाकडे काही मागत नाही. उत्तरार्धातील माणूस हक्काची भाषा बोलतो, आणि तेथे वाचकाला आपली स्वतःची जागा तपासावी लागते.

आमच्या ग्रंथालयात या दोन्ही पुस्तकांच्या जुन्या, वापरून वापरून मऊ पडलेल्या प्रती आहेत. ‘श्रीमान योगी’च्या प्रतीत प्रस्तावनेची पाने बांधणीतून सुटली असून कोणी तरी ती दोऱ्याने पुन्हा टाचली आहेत. ‘उचल्या’च्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा दाट आहेत, पण त्या शाळेच्या प्रकरणाच्या आसपास. सूतगिरणी आली की त्या विरळ होतात. शेवटची पाने तर कोरी करकरीत आहेत.