रुक्मिणीस्वयंवर-काव्ये, मराठी
विदर्भराज भीष्मक (मराठी काव्यांत भीमक) ह्याची कन्या रुक्मिणी आणि श्रीकृष्ण ह्यांच्या विवाहावर रचिलेली मराठी आख्यानकाव्ये. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत हे आख्यान मराठी कवींनी पुनःपुन्हा हाताळले. महानुभाव, वारकरी आणि पंडित ह्या तिन्ही काव्यपरंपरांत त्याला मानाचे स्थान आहे. कथेची भूमीही मराठी मुलखातलीच आहे. भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. थोरला भाऊ रुक्मी बहिणीचा विवाह चेदिराज शिशुपालाशी ठरवितो. पित्याची इच्छा निराळी असते, परंतु मुलापुढे त्याचे चालत नाही. वऱ्हाड कुंडिनपुरात येऊन दाखल होते. वधूला मात्र हा वर नको असतो. ती एका ब्राह्मणाकरवी द्वारकेस पत्र धाडते. विवाहाच्या आदल्या दिवशी ती देवीच्या दर्शनास बाहेर पडली असता कृष्ण तिला रथात घालून नेतो व मागाहून विधिपूर्वक तिचे पाणिग्रहण करतो.

ह्या घटनेला ‘स्वयंवर’ म्हणावे काय, हा ह्या काव्यांच्या अभ्यासातील खरा प्रश्न होय. राजेलोकांची सभा, हाती माळ घेतलेली राजकन्या व तिने सर्वांदेखत केलेली निवड हे रूढ स्वयंवराचे रूप येथे नाही. भागवतपुराणाच्या दशम स्कंधात (अध्याय ५२ ते ५४) आख्यानाच्या आरंभी ‘स्वयंवर’ हा शब्द येतो, परंतु त्याच प्रकरणात विवाहाचा प्रकार राक्षसविधी असल्याचेही म्हटले आहे. खुद्द रुक्मिणीच आपल्या पत्रात कृष्णाला त्या विधीने आपणास न्यावे, असे सुचविते. विष्णुपुराणही ह्या विवाहाला राक्षसविवाहच म्हणते. मनुस्मृतीत राक्षसविवाहाचे लक्षण रडत-ओरडत असलेल्या कन्येचे बळाने हरण असे दिले आहे. परस्परांच्या इच्छेने होणारा तो गांधर्वविवाह. तथापि क्षत्रियांच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार वेगवेगळे वा मिश्र असले तरी धर्म्य होत, असेही मनू सांगतो. रुक्मिणीचा विवाह ह्या मिश्र प्रकारात बसतो. भावाच्या दृष्टीने ते हरण आहे, बहिणीच्या दृष्टीने वरण. आसामात शंकरदेवाने व गुजरातेत प्रेमानंदाने ह्या कथेला ‘रुक्मिणीहरण’ असे नाव दिले. मराठीतही सामराजाचे काव्य त्याच नावाचे आहे. पण बहुसंख्य मराठी कवींनी ‘स्वयंवर’ हेच नाव पसंत केले. त्यामुळे कथेचे कर्तेपण नावापासूनच वधूकडे जाते. ह्या कर्तेपणाचे प्रत्येक कवीने पुढे काय केले, ह्यावर त्याच्या काव्याचे मोल ठरते.

भागवतातील पत्र अवघे सात श्लोकांचे आहे. तुझे गुण ऐकून मी तुला वरिले, हे त्यात प्रथम येते. सिंहाचा वाटा कोल्ह्याने पळवू नये, हा शिशुपालावरील प्रहार त्यामागून येतो, आणि मग थेट योजना. अंतःपुरातून न्यावयाचे तर आप्तांचा वध करावा लागेल, ही अडचण ती स्वतःच उपस्थित करते व स्वतःच सोडविते : विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवतेची मोठी यात्रा निघते व नववधू नगराबाहेरील गिरिजेच्या देवळात जाते, तेथे यावे. हे न घडल्यास व्रतांनी देह झिजवून शंभर जन्मांनी का होईना, तुझीच होईन, असा निर्वाणीचा शब्द शेवटी येतो. प्रेमपत्र म्हणून ह्या श्लोकांची कीर्ती आहे. वास्तविक त्यांतील निम्मा भाग वेळ, जागा व सैन्यबळ ह्यांच्या हिशोबाचा आहे. मध्ययुगीन यूरोपीय अद्भुतकथांतही नको असलेला वर हा विषय वारंवार येतो. क्रेत्यँ द त्र्वा ह्याच्या ‘क्लिजे’ (सु. ११७६) ह्या फ्रेंच काव्यातील फेनीस मनाविरुद्ध सम्राटाची राणी होते व दाईने सिद्ध केलेल्या पेयाच्या प्रभावाने पतीला केवळ स्वप्नातील सहवासाचा भास होत राहतो. फेनीस लग्नानंतर लपूनछपून सुटका शोधते. रुक्मिणी लग्न लागूच देत नाही.

मराठीतील पहिले उपलब्ध रूप महदाइसेच्या धवळ्यांत (सु. १२८७) आढळते. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी वराला उद्देशून गावयाची गीते. ऋद्धिपूर (रिद्धपूर) येथे गोविंदप्रभूंना एकदा आपला विवाह व्हावा अशी लहर आली, भक्तांनी त्या लीलेची सिद्धता केली आणि गाण्याचे काम महदाइसेकडे आले, अशी हकीकत महानुभाव चरित्रग्रंथांत आहे. तिने आयत्या वेळी रुक्मिणीच्या विवाहाची कथा गाइली. महदाइसा बालविधवा होती. लग्नमंडपात जिच्या सावलीचाही विटाळ मानावा, अशी तत्कालीन समाजाची रीत, आणि मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री मात्र लग्नाची गाणी गाऊन साहित्यात प्रवेश करते. महानुभाव पंथाने स्त्रियांना दिलेल्या मोकळिकीचा ह्याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल. धवळ्यांची रचना साधी व गेय आहे. अलंकारांचा सोस नाही. कवयित्रीचे लक्ष वधूच्या चिंतेकडे, वाट पाहण्याकडे, ब्राह्मण परत आला की नाही ह्या काळजीकडे अधिक आहे. पुरुष कवी ज्या ठिकाणी रूपवर्णनासाठी थांबतात, तेथे ती पुढे निघून जाते. ह्या घाईत काही स्थळी काव्य पातळ झाले आहे, हे नाकारता येत नाही. पण मुलीच्या मनातील धाकधूक धवळ्यांत जितकी खरी वाटते, तितकी पुढील थोर काव्यांतही वाटत नाही. हाच विषय महदाइसेने पुन्हा ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ ह्या रचनेत, मुळाक्षरांच्या क्रमाने, हाताळला.

नरेंद्र कवीचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (सु. १२९२) ही ह्या परंपरेतील सर्वांत संपन्न कलाकृती होय. महानुभावांच्या ‘साती ग्रंथां’त तिचा समावेश होतो, वि. भि. कोलते ह्यांनी तिचे संपादन केले आहे. नरेंद्र हा देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या सभेतील कवी. काव्य ऐकून राजाने ओवीमागे एक सुवर्णनाणे देऊ केले व त्या बदल्यात काव्य आपल्या नावाने प्रसिद्ध करण्यास सांगितले, परंतु कविकुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्राने ते नाकारले, अशी कथा ‘स्मृतिस्थळा’त आहे. राजाकडून सुटलेले काव्य पुढे महानुभाव पंथात आले व कवीही त्या पंथात गेला. ठरलेला सौदा मोडणाऱ्या नायिकेचे काव्य रचणाऱ्या कवीवर स्वतःच असा प्रसंग यावा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

नरेंद्राने संस्कृत महाकाव्याची सामग्री मराठी ओवीत उतरविली : नगरवर्णने, चंद्रोदय, विरहातील दाह, सख्यांचे शीतोपचार. भागवतात रुक्मिणीचे मन पत्राच्या सात श्लोकांत व देवळाच्या वाटेवरील थोड्या क्षणांत दिसते. नरेंद्र ते मन उलगडून दाखवितो आणि त्याची उत्प्रेक्षा बहुधा बाहेरून चिकटविलेली नसते. विरहिणीला चंद्र जाळतो, हा संकेत जुनाच. पण ज्या मुलीच्या दारी दुसऱ्याच वराचे वऱ्हाड येऊ घातले आहे, तिच्या बाबतीत त्या संकेताला एक निकड येते. ह्याची किंमतही कवीला द्यावी लागली आहे. विरहाचा विस्तार जसजसा वाढतो, तसतशी योजना आखणारी, वेळ मोजणारी रुक्मिणी मागे पडते व तिच्या जागी संस्कृत काव्यातील म्लान नायिका येते. जी कोमेजून पडली आहे, ती इतके नेमके पत्र कसे लिहील, असा प्रश्न वाचकाला पडतो आणि काव्य त्याचे उत्तर देत नाही. तरीही तेराव्या शतकातील मराठीने शृंगाराचा एवढा भार पेलावा, ही गोष्ट ज्ञानेश्वरीच्या समकालीन भाषेच्या सामर्थ्याची साक्ष देते.

नाकारलेल्या वराची बाजू मराठी काव्यांत जवळजवळ येतच नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी भास्करभट्ट बोरीकराने ‘शिशुपालवध’ लिहिला, पण त्यातही कवीचे मन शिशुपालापेक्षा कृष्ण-रुक्मिणींच्या प्रणयकलहातच रमले आहे. ग्रंथ उत्तम झाला, परंतु विरक्तांच्या कामाचा नाही, असा अभिप्राय पंथातून आल्यावर त्याने ‘उद्धवगीता’ रचिली, असे सांगतात. पंथीयांचा हा आक्षेप वाङ्मयदृष्ट्या प्रशस्तिपत्रच ठरतो.

एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (१५७१) वाराणसीत पूर्ण झाले. अठरा प्रसंग व सु. १,७०० ओव्या असा त्याचा विस्तार आहे. एकनाथांनी कथेवर जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक बसविले : रुक्मिणी हा जीव, कृष्ण हा परमात्मा, रुक्मी हा आड येणारा अहंकार. तिच्या आईचे शुद्धमती हे नावही रूपकाला पूरक आहे. रूपक सर्वत्र सारखे बसत नाही, आणि जेथे ते सैल पडते तेथेच काव्य रंगते. शेवटच्या प्रसंगांत एकनाथ लग्नघरात शिरतात. हळद, मानपान, रुसवेफुगवे, विहिणींची धांदल ह्यांचे चित्रण करताना त्यांना वेदान्ताचा विसर पडला नसला तरी वाचकाला पडतो. सोळाव्या शतकातील मराठी विवाहविधींच्या माहितीसाठी हे प्रसंग आजही पाहिले जातात. भागवतातील धावपळीच्या हरणातून त्यांनी सर्व विधी यथासांग झालेले, दोन्ही कुळांना मान्य असे लग्न निर्माण केले. बंड गृहस्थाश्रमात विरघळून गेले.

ह्याचा परिणाम काव्याच्या पुढील आयुष्यावर झाला. उपवर मुलीचे लग्न लवकर जुळावे म्हणून तिने एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ची पारायणे करावीत, अशी प्रथा महाराष्ट्रात रूढ झाली व ती आजही आढळते. वडीलधाऱ्यांनी ठरविलेले लग्न मोडणाऱ्या मुलीची कथा वडीलधाऱ्यांनी लग्न ठरवावे म्हणून वाचली जाते. ह्यात विसंगती आहे खरी. मात्र वाचणाऱ्या मुलींना त्या पोथीत केवळ फलश्रुतीच दिसत असेल, असे मानण्याचे कारण नाही. मनाजोगता वर मिळावा, एवढे स्पष्ट बोलण्याची सोय अन्य कोणत्या धार्मिक ग्रंथाने त्यांना दिली होती? एकनाथांनंतर विठ्ठल बीडकर आदी कवींनी हे आख्यान रचिले. शब्दचातुर्य वाढले, कथेत नवे काही आले नाही.

विवाहानंतरचा भाग मराठी कवींनी सहसा टाळला आहे. भागवतात (दशम स्कंध, अध्याय ६०) कृष्ण रुक्मिणीला थट्टेने म्हणतो, की राजांच्या भीतीने समुद्रात राहणाऱ्या, निर्धन अशा मला वरण्यात तू चूक केलीस, अजूनही योग्य क्षत्रिय शोध. ते ऐकून ती मूर्च्छित पडते. न-इच्छिणाऱ्या पतीचे हे सोंग कथेतील सर्वांत अवघड स्थळ आहे, कारण निवडीचा अधिकार बजावलेल्या स्त्रीला तो अधिकारच येथे टोचून दाखविला जातो. मराठी लोकपरंपरेने ह्याचे स्वतःचे उत्तर शोधले. रुक्मिणी द्वारकेहून रुसून दिंडीरवनात आली व तिच्या शोधात कृष्ण पंढरपुरास आला, असे ती सांगते. पंढरीस विठ्ठल व रुक्मिणी ह्यांची मंदिरे वेगळी आहेत. कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर असल्याने तेथून दर आषाढीस तिची पालखी पंढरपुरास जाते.

वर्धा नदी कौंडिण्यपूरहून खाली चंद्रपूर जिल्ह्याच्या कडेने वाहते आणि वैनगंगेस मिळाल्यावर प्राणहिता ह्या नावाने गडचिरोली जिल्ह्याच्या (निर्मिती १९८२) सीमेवरून गोदावरीकडे जाते. विदर्भाच्या ह्या अरण्यभागात विवाहाचे निराळे संकेत नांदत आले. गोंड समाजात आते-मामे भावंडांच्या ठरलेल्या विवाहाबरोबरच वराने काही वर्षे सासऱ्याच्या घरी राबून वधूमूल्य फेडणे, वधूला पळवून नेणे, तसेच मुलीने आपण होऊन पसंतीच्या पुरुषाच्या घरात जाऊन राहणे, हे प्रकारही नोंदले गेले आहेत. ह्यांपैकी शेवटचा प्रकार रुक्मिणीच्या कृतीशी जवळचा आहे. त्यावरून आख्यानाचे मूळ वन्य जमातींत शोधण्याचा मोह होतो. अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी लोकही रुक्मिणीला आपल्यातलीच मानतात. परंतु साम्य म्हणजे उगम नव्हे, आणि उपलब्ध मराठी काव्ये सर्वस्वी पौराणिक परंपरेतून आली आहेत.

चांद्याच्या गोंड राजवंशाची एक आख्यायिका मात्र ह्या काव्यांशेजारी ठेवून वाचावी अशी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास राजा बीरशाहाने आपली कन्या देवगडच्या गोंड राजघराण्यातील दुर्गपालास दिली. पतीने तिचा अपमान केला. पित्याने देवगडकरांवर चाल करून जावयाला ठार मारले आणि त्याचे मस्तक चांद्याच्या महाकालीस वाहिले, असे सांगतात. बीरशाहाची समाधी राणी हिराईने चंद्रपुरात बांधली, ती आजही उभी आहे. ह्या आख्यायिकेत कुळाचा मान आहे, रण आहे, देवीपुढील नवस आहे. ज्या मुलीवरून हे सारे घडले, तिचे पत्र वा तिचा एखादा शब्द मात्र तीत कोठेच येत नाही.