नेसणारी आणि विणणारा : ‘पैठणी’ कवितेच्या निमित्ताने वस्त्र व अस्मितेचा विचार

हातमागावर विणलेले वस्त्र हे समाजाच्या सांस्कृतिक अस्मितेचे प्रतीक मानले जाते. मात्र ही अस्मिता कोणाची, नेसणाऱ्याची की विणणाऱ्याची, हा प्रश्न सहसा बाजूला राहतो. शान्ता शेळके यांच्या ‘पैठणी’ या सर्वपरिचित कवितेच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

कवितेत गाठोड्यात जपलेली आजीची पैठणी नातीच्या हाती येते. तिच्या स्पर्शातून व गंधातून आजीचे लग्न, संसार आणि सवाष्णपणी आलेले मरण जागे होते. शेवटी नात त्या पैठणीकरवीच आजीला आपली खुशाली कळवते. वस्त्र येथे दोन पिढ्यांतील स्त्रियांमधला निरोप्या होते आणि हे या कवितेचे निर्विवाद यश आहे. परंतु तिच्यात वस्त्र आहे, नेसणारी आहे. माग मात्र नाही.

पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळ्या लहान कांडीवरून घेऊन शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. म्हणूनच नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. बांगडीमोर, आसावली, मुनिया ही नावे ग्राहकाला ठाऊक असतात. त्यांमागची धाग्यांची मोजणी विणकराच्या घरातच राहते. त्या घरातील स्त्रियाही कांड्या भरतात. आजी-नातीच्या नात्यात या तिसऱ्या स्त्रीला जागा मिळत नाही, ही कवितेची मर्यादा मानावी लागते.

अर्थात दोष एकट्या कवितेचा नव्हे. 2004 साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पैठणीला घरोघरचे बक्षीस केले. 2022 मध्ये प्रदर्शित झालेला ‘गोष्ट एका पैठणीची’ हा चित्रपटही सामान्य स्त्रीच्या पैठणीच्या ओढीवर उभा आहे. याउलट सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार यांच्या नावावरील अभंगांत त्या त्या धंद्याची भाषा आली, कबीराच्या पदांत मागाची आली. आधुनिक मराठी कवितेने मागाच्या भाषेकडे तितके लक्ष दिलेले दिसत नाही.

नांदुऱ्यासारख्या वऱ्हाडातील गावी ही अनुपस्थिती अधिक जाणवते. येथील कापूस रेल्वेने मुंबईकडे जाऊ लागला, त्या 1860 च्या दशकात कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांची अपेक्षाच अशी होती की, विलायती कापड स्वस्तात आत यावे, विणकरांनी माग सोडून शेतीकडे वळावे आणि निर्यातीसाठी कापूस वाढावा. करवतकाठी साडीच्या पूर्व विदर्भात विणकराच्या ओळखीचा प्रश्न तर साहित्यात नव्हे, न्यायालयात लढला गेला. आपण हलबा जमातीचेच आहोत, ‘कोष्टी’ हे केवळ धंद्याचे नाव आहे, असा हलबा-कोष्टींचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 28 नोव्हेंबर 2000 रोजी तो फेटाळला. राष्ट्रपतींच्या आदेशात ‘हलबा’ आहे, ‘हलबा-कोष्टी’ नाही आणि त्यात भर घालण्याचा अधिकार न्यायालयांना नाही, असे पीठाने ठरवले. तोवर अंतिम झालेले प्रवेश व नेमणुका मात्र अबाधित ठेवल्या.