दिघ्यातील अनधिकृत इमारती आणि सत्ताविभाजनाची कसोटी

भारतीय संविधानात सत्ताविभाजनाचे स्वतंत्र कलम नाही. अनुच्छेद ५० केवळ न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून विभक्त करण्याचा निदेश देतो. तथापि इंदिरा नेहरू गांधी विरुद्ध राजनारायण (१९७५) या खटल्यापासून हे तत्त्व संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग मानले जाते. व्यवहारात त्याचा अर्थ काय होतो, हे नवी मुंबईतील दिघा प्रकरणात स्पष्ट दिसते.

दिघा येथे औद्योगिक विकास महामंडळ व सिडको यांच्या जमिनींवर शंभराच्या आसपास इमारती विनापरवाना उभ्या राहिल्या. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांवर कारवाईचा आदेश दिला. राज्य शासनाने त्यानंतर नियमितीकरणाचे धोरण न्यायालयापुढे मांडले. ते स्वीकारले गेले नाही. अखेर २०१७ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम ५२-अ समाविष्ट केले आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाचा मार्ग खुला केला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले; त्याखालील नियमांतील काही तरतुदी मात्र रद्द केल्या.

उद्दिष्ट तेच असताना धोरण फेटाळले जाते आणि कायदा टिकतो, यात वरवर विसंगती भासते. वस्तुतः ती नाही. कार्यकारी यंत्रणा अधिनियमाच्या विरोधात धोरण आखू शकत नाही. विधिमंडळ मात्र अधिनियमच बदलू शकते. न्यायनिर्णय थेट रद्द करता येत नसला तरी त्याचा कायदेशीर आधार बदलता येतो, हे पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यातच (१९६९) सांगितले गेले होते. त्या दृष्टीने प्रत्येक अंगाने आपली मर्यादा पाळली.

परंतु कायद्याचे राज्य एवढ्यावर संतुष्ट होत नाही. कलम ५२-अ ने शर्ती व शुल्क ठरविण्याचे काम बव्हंशी नियमांवर, म्हणजे पुन्हा शासनावरच सोपविले. धोरणाच्या दाराने जे आत येऊ शकले नाही, ते नियमांच्या खिडकीतून येण्याचा संभव निर्माण झाला. न्यायालयाची कात्री नेमकी तेथेच चालली, हे लक्षणीय आहे. शिवाय सत्ताविभाजनाच्या चर्चेत आणखी एक प्रश्न सहसा निसटतो. बहुमजली इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. अनधिकृत बांधकामास नोटीस देण्याचा व ते पाडण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणांना १९६६ पासूनच होता. तो वेळीच वापरला गेला असता, तर न्यायालयास पाडकामाचा आदेश द्यावा लागला नसता आणि विधिमंडळास त्यातून वाट काढावी लागली नसती. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबांपर्यंत कायदा पोहोचला, तो मात्र पाडकामाच्या नोटिशीच्या रूपाने.