चांद्रविजयाची आठवण : पाहण्याची आणि तपासण्याची

नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रावर पडले तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ ची सकाळ होती. साडेआठ वाजत आले होते. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते १९७२ साली. त्यामुळे महाराष्ट्राने ही घटना पाहिली नाही. आकाशवाणीवर ऐकली आणि वर्तमानपत्रांत वाचली. ती आठवण सांगणारी पिढी आता साठीच्या आसपास किंवा पलीकडे आहे. आजच्या विद्यार्थ्याला ती मिळते पडद्यावरून, आणि त्याच पडद्यावरून 'माणूस चंद्रावर गेलाच नव्हता' हेही त्याच्या कानावर पडते. म्हणून या विषयावरचा कोणता चित्रपट वर्गात दाखवावा आणि दाखवून झाल्यावर काय बोलावे, याचा विचार शिक्षकांनी करायला हवा. त्या दृष्टीने टॉड डग्लस मिलर यांचा 'अपोलो ११' (२०१९) हा माहितीपट पाहण्यासारखा आहे.

सुमारे दीड तासाच्या या माहितीपटात वेगळा निवेदक नाही, नंतर घेतलेल्या मुलाखती नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून असलेली मोठ्या आकाराची फिल्म आणि नियंत्रण कक्षातील संभाषणांचे सुमारे ११,००० तासांचे ध्वनिमुद्रण यांतून तो बेतला आहे. यानाचा मार्ग समजावा म्हणून काही साध्या रेखाकृती तेवढ्या जोडल्या आहेत.

या पद्धतीचा मोठा फायदा असा, की चांद्रविजय हे 'काम' होते, हे डोळ्यांना दिसते. उड्डाणाला काही तास उरले असताना हायड्रोजनची एक झडप गळते आणि कामगार ती दुरुस्त करतात. ओळीने मांडलेल्या यंत्रांसमोर शेकडो माणसे बसलेली दिसतात; उड्डाण कक्षातील पुरुषांच्या गर्दीत जोअ‍ॅन मॉर्गन ही एकच अभियंता स्त्री दिसते. पाठ्यपुस्तकात आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स ही तीन नावे असतात. ती तिघे किती जणांच्या खांद्यांवर उभी होती, हे चित्रपट एकही वाक्य न बोलता सांगतो. यान चंद्रावर उतरतानाचा प्रसंग तर उंची आणि इंधन यांच्या आकड्यांसह आपल्यासमोर उलगडतो. शेवट ठाऊक असूनही छाती धडधडते.

परंतु निवेदक नसल्याची किंमतही चित्रपटाला मोजावी लागते. उतरताना संगणक '१२०२' असा धोक्याचा इशारा देतो. तो कसला, हे प्रेक्षकाला कळत नाही. संगणकावर एकाच वेळी झेपणार नाहीत इतकी कामे येऊन पडली होती. त्याने कमी महत्त्वाची कामे बाजूला टाकली आणि उतरण्याचे काम चालू ठेवले. तो तसाच रचलेला होता. काही दिवस आधी सरावात अशाच इशाऱ्याने गोंधळ उडाला होता. त्यानंतर जॅक गारमन या २४ वर्षांच्या अभियंत्याने अशा सर्व इशाऱ्यांची यादी लिहून जवळ ठेवली होती. म्हणूनच 'पुढे चला' हा निर्णय काही सेकंदांत देता आला. सरावात झालेल्या चुकीचा असा उपयोग होतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. ते सांगण्याचे काम शिक्षकाचे.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. चित्रपट मिरवणुकीपाशी संपतो. चंद्रावरून काय आणले आणि त्यातून काय कळले, याला त्यात स्थान नाही. विज्ञानाच्या दृष्टीने खरी गोष्ट तर तिथूनच सुरू होते.

या मोहिमेने सुमारे २२ किलोग्रॅम दगडमाती आणली. त्यातले काळे दगड बेसॉल्टचे होते, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या जातीचे. पण सह्याद्रीचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर हे ३५० कोटी वर्षांहून जुने, आणि त्यांत पाण्याचा अंश जवळजवळ नाही. मातीत थोडे पांढरट खडेही सापडले. ते अ‍ॅनॉर्थोसाइटचे होते. त्या मूठभर खड्यांवरून १९७० मध्ये अशी कल्पना पुढे आली की आरंभी चंद्राचा पृष्ठभाग हा वितळलेल्या खडकाचा समुद्र होता. तो थिजताना हलकी खनिजे वर तरंगली आणि त्यांचे कवच बनले.

अपोलो मोहिमांचे काही नमुने मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आले. डॉ. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील खनिजांचे स्फटिक रसायनांनी कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. विश्वकिरणांतील जड कण स्फटिकातून जाताना सूक्ष्म रेषा सोडतात. त्या मोजल्या की तो दगड चंद्राच्या पृष्ठभागाजवळ किती काळ पडून होता याचा अंदाज येतो.

'हे सारे स्टुडिओत चित्रित केले' या आक्षेपाला उत्तर इथे आहे. चित्र कितीही स्पष्ट असले तरी त्यावर शंका घेता येते. उलट, ते जितके सुबक तितकी शंका अधिक. दगड मात्र अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासले आहेत. सोव्हिएत संघाच्या 'लूना १६' या मानवरहित यानाने १९७० मध्ये सुमारे १०० ग्रॅम माती आणली, तीही त्याच जातीच्या बेसॉल्टची निघाली. प्रतिस्पर्ध्यानेच दिलेली ही साक्ष. तिथे ठेवलेल्या परावर्तकावर लेसरचा किरण पाठवून आजही चंद्राचे अंतर मोजतात. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जात आहे, हे त्यावरूनच नेमके कळले.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी 'चांद्रयान ३' चंद्राच्या दक्षिणेकडील भागात उतरले. त्याच्या प्रज्ञान बग्गीवरील उपकरणाने तिथली माती तपासली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : ती माती अ‍ॅनॉर्थोसाइटशी जुळणारी आहे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या मूठभर खड्यांवरून केलेला तर्क चंद्राच्या दुसऱ्या टोकाला तपासला गेला आणि टिकला.

तेव्हा हा चित्रपट वर्गात अवश्य दाखवावा. माझ्या मते या विषयावर इतका प्रामाणिक चित्रपट क्वचितच झाला असेल. मात्र दिवे लागल्यावर विद्यार्थ्याच्या हाती काळ्या दगडाचा एक तुकडा द्यावा आणि विचारावे : हा किती जुना आहे, हे कसे ठरवाल? चंद्रावरून आणलेल्या दगडांपुढेही शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न ठेवला होता.