पुस्तक आलं, वाचक कुठाय?

मंडळी, पणजीला गेलात की आधी पाटोला जा. तिथं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची मोठी नवी इमारत आहे. इमारत २०१२ची, पण संस्था १८३२ची. पुढे पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघ बंद केले, तेव्हा मठांमधली पुस्तकंही या संग्रहात आली. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, म्हणजे हे साठेक वर्षांनी थोरलं.

जागाही साधी नाही हं. जवळूनच रायबंदरला जाणारा सतराव्या शतकातला पोर्तुगीज बांध-पूल सुरू होतो, चांगला तीनेक किलोमीटरचा. एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरं. आता आसपास बँका नि कचेऱ्या.

ग्रंथालय आधी मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या वास्तूत होतं. कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेल्या तिथल्या निळ्या फरशा तिथंच राहिल्या, पुस्तकं इकडे आली. लोक त्याची हळहळ करतात. मला ती फारशी वाटत नाही. फरशी बघायला वाचता यावं लागत नाही, पुस्तकाचं तसं नाही ना! दमट हवेतून पुस्तक वाचवायचं तर नवी इमारत हवीच.

माझी तक्रार वेगळी आहे. ज्याचं नाव दारावर, तो कृष्णदास शामा सोळाव्या शतकातला, केळशीचा. त्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या रामायण-महाभारताच्या कोंकणी कथा रोमन लिपीत उतरवल्या गेल्या. ती हस्तलिखितं कुठं आहेत? पोर्तुगालमध्ये, ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात! आणि पणजीत जो पोर्तुगीज संग्रह आहे, तो सहज वाचणारी पिढी १९६१ नंतर विरळ होत गेली. अशा ग्रंथालयाला आपण भेट देतो म्हणजे काय करतो? मजले चढतो, फोटो काढतो. खरं तर तिथं एक मजला लिपी आणि भाषा शिकवायला द्यायला हवा, असं माझं मत आहे. पुस्तकं जपली, वाचक जपला नाही, तर ते गोदाम झालं.

हे कोपरीत का सांगतोय? फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथं वसली. ज्यांच्या घरात अरबी वळणाच्या लिपीतली सिंधी पुस्तकं असतील, त्यांची नातवंडं ती वाचू शकतात का? उद्या इथं खाडीकाठी ग्रंथालय उभं राहिलं, तर या पुस्तकांना कपाट मिळेलही. वाचून दाखवणारे आजी-आजोबा आज सभागृहात असतील, तर कृपा करून व्याख्यान संपल्यावर थांबा. मला नावं लिहून घ्यायचीत.